आधी डबी, मग प्रश्न: नेरुळच्या एका वसाहतीतील ज्येष्ठांच्या सर्वेक्षणाचे प्रकरण

नेरुळमध्ये सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर तळमजला अधिक चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या रांगा लगेच उभ्या राहतील. भर तारुण्यात दागिने मोडून आणि कार्यालयातून कर्ज काढून ज्यांनी ही घरे घेतली, ती माणसे आता सत्तरीत आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेली आहेत आणि जिने मात्र तेवढेच राहिले आहेत. अशाच एका वसाहतीत, १८ इमारती आणि प्रत्येकीत २० घरे म्हणजे एकूण ३६० घरांमध्ये, साठी ओलांडलेल्या रहिवाशांची नेमकी गरज काय आहे हे विचारून घेण्याचे काम तेथील सोसायट्यांच्या संयुक्त समितीने हाती घेतले. मी बरीच वर्षे महाविद्यालयात सांख्यिकी शिकवली असल्यामुळे आणि त्याच वसाहतीत राहत असल्यामुळे या कामात मला बोलावण्यात आले, परंतु तोवर पहिले दोन प्रयत्न होऊन गेलेले होते. वसाहतीची ओळख पटेल असे तपशील मी येथे गाळले आहेत.

समितीच्या हाती उत्सवाच्या वर्गणीतून उरलेले २५,००० रुपये होते. त्यातून विरंगुळा केंद्रासाठी खोली सजवावी असा बहुतेकांचा कल होता. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मात्र आग्रह धरला की खर्च करण्यापूर्वी घरोघरी विचारावे. आग्रह योग्य होता. लोकांनी उत्तर द्यावे म्हणून त्यांना काय द्यायचे, हा प्रश्न किरकोळ समजला गेला आणि पुढची सगळी गुंतागुंत तेथूनच सुरू झाली.

पहिला प्रयत्न: सोडत

पावसाळ्याच्या सुरुवातीला समितीने गूगल फॉर्म तयार केला आणि त्याची लिंक वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकली. फॉर्ममध्ये ३४ प्रश्न होते. फॉर्म भरणाऱ्यांतून सोडत काढून एका भाग्यवान कुटुंबाला मिक्सर देण्यात येईल, असे वर ठळक अक्षरांत लिहिले होते. तीन आठवड्यांत ४७ फॉर्म आले. त्यांतले ९ एकाच घरातून दुसऱ्यांदा भरलेले निघाले, कारण एका घराने दोन मोबाइलवरून फॉर्म भरला तर सोडतीत नाव दोनदा येते, हे लोकांच्या लगेच लक्षात आले होते. उरलेल्या ३८ घरांपैकी साठी ओलांडलेल्या व्यक्तीने स्वतः उत्तर दिलेली घरे केवळ ९ होती. मिक्सर तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका तरुण जोडप्याला लागला. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता, पण ३,४०० रुपये खर्ची पडले आणि ज्यांच्यासाठी सगळे चालले होते त्यांच्याविषयी समितीला काहीही नवे कळले नाही.

हे असे का झाले, हे मी पुढे काही ज्येष्ठांना त्यांच्या घरी जाऊन विचारले. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींचे उत्तर मला आजही महत्त्वाचे वाटते. त्या म्हणाल्या, “बक्षीस लागेल, लिंक उघडा, नाव-वय-नंबर भरा, असा निरोप आला की उघडायचा नाही, हे मला माझ्या मुलाने दहादा बजावलंय.” सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक पाठ करून ठेवणाऱ्या पिढीपुढे समितीने अगदी फसवणुकीसारखा दिसणारा निरोप ठेवला होता. माणसाला जवळ आणण्यासाठी ठेवलेले बक्षीसच त्याला दूर लोटायला कारण झाले. प्रलोभन निवडताना त्याचे मूल्य किती, हे आपण पाहतो. ते समोरच्याला कशासारखे दिसेल हे फारसे पाहत नाही. माझ्या मते ही चूक पैशांच्या चुकीहून मोठी आहे.

दुसरा प्रयत्न: फॉर्ममागे २० रुपये

यानंतर समितीने उलट टोक गाठले. रहिवाशांना काहीच द्यायचे नाही, मात्र घरोघरी जाऊन फॉर्म भरून आणणाऱ्या वसाहतीतल्या महाविद्यालयीन मुलांना भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे २० रुपये द्यायचे, असे ठरले. दहा दिवसांत १२८ फॉर्म आले आणि २,५६० रुपये वाटले गेले. समितीला आनंद झाला. तो गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा मी प्रथम वयाचा रकाना पाहिला, आणि ६०, ६५, ७०, ७५ यांखेरीज दुसरा आकडा क्वचितच दिसला. वय ढोबळ सांगण्याची सवय आपल्याकडे आहेच. पाच आणि शून्यावर वये साचतात ही गोष्ट जनगणनेचे आकडे हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु निवृत्तिवेतनाच्या कागदांवर आयुष्यभर जन्मतारीख लिहिलेल्या या वस्तीत ते इतके साचावे, हे पटणारे नव्हते. सोसायट्यांच्या नोंदवहीशी ताडून पाहिले असता, वर्षभर कुलूप असलेल्या ११ घरांचेही फॉर्म भरलेले सापडले.

मुलांना बोलावून विचारले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. चार मजले चढून जायचे, दार बंद असले की काहीच मिळायचे नाही, आणि खाली जिन्यात बसून भरलेल्या फॉर्मचे २० रुपये मात्र मिळायचे. आम्ही त्यांना उत्तरे आणायला पाठवले होते आणि मोबदला कागदाचा ठेवला होता, त्यामुळे त्यांनी कागद आणले. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात इस्रायलमधील शाळकरी मुलांना दारोदार देणगी गोळा करायला पाठवले होते. जमवलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला मिळालेल्या मुलांनी, काहीही मोबदला न घेता गेलेल्या मुलांपेक्षा कमी देणगी जमवली. थोडा मोबदला देऊन चांगल्या कामाचे रूपांतर हलक्या मजुरीत करण्याचा हा धोका आम्हीही ओढवून घेतला होता, आणि वर खोटे लिहिण्याची वाटही मोकळी ठेवली होती. सर्व १२८ फॉर्म बाद करावे लागले. त्यांत खरे फॉर्मही असणार, पण ते कोणते हे ठरवण्याचा प्रामाणिक मार्ग नव्हता.

काय द्यायचे, आणि केव्हा

आता सुमारे १९,००० रुपये उरले होते आणि लोकांचा उत्साहही आटत आला होता. पुढच्या बैठकीत समितीचे दोन तट पडले. खजिनदारांचे म्हणणे असे, की जो फॉर्म देईल त्यालाच फाटकाजवळच्या किराणा दुकानाचे ५० रुपयांचे कुपन द्यावे, म्हणजे न देणाऱ्यावर एक पैसा वाया जाणार नाही. मी सुचवले ते याच्या नेमके उलट होते: प्रत्येक घराला, ते उत्तर देवो अथवा न देवो, प्रश्नपत्रिकेबरोबरच एक छोटी वस्तू आधी द्यावी. हिशेबाने वागणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही, आणि खजिनदारांनाही ऐकवले नाही.

परंतु या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झाले आहे. ॲलन चर्च यांनी १९९३ मध्ये टपालाने केलेल्या सर्वेक्षणांवरचे ३८ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा असे दिसले की प्रश्नपत्रिकेसोबत आधीच पैसे पाठवले तर प्रतिसाद सरासरी १९ टक्के-अंशांनी, म्हणजे शंभर जणांमागे १९ उत्तरांनी, वाढतो, आधीच एखादी वस्तू पाठवली तर सुमारे ८ अंशांनी वाढतो, आणि उत्तर दिल्यावर देऊ असे नुसते आश्वासन असेल तर लक्षात घ्यावी अशी वाढ दिसत नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या बांधकाम कंत्राटदारांवर झालेल्या एका प्रयोगात लिफाफ्यात घातलेल्या १ डॉलरने नंतर मिळणाऱ्या ५० डॉलरांच्या आश्वासनावर मात केली होती. तो देश वेगळा, टपालाची पद्धत वेगळी आणि काळही वेगळा, त्यामुळे हे आकडे नेरुळच्या जिन्यांवर जसेच्या तसे चालतील असे मी म्हणणार नाही. यामागचे कारण मात्र आपल्याला परके नाही. अल्विन गोल्डनर या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये परतफेडीच्या नियमाविषयी जे लिहिले, ते आपल्या घरात वाटीच्या रूपाने चालत आलेले आहे: शेजारणीने वाटीतून काही दिले, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. ज्याला फॉर्म भरून दिल्यावरच कुपन मिळते, तो व्यवहार करतो आणि ५० रुपयांसाठी अर्धा तास घालवावा की नाही याचा विचार करतो. असा विचार करणाऱ्याला ५० रुपये नेहमीच कमी वाटतात. ज्याच्या घरी आधी काही आले, तो वाटीचा विचार करतो.

वस्तू कोणती, यावरही चर्चा झाली. रोख रक्कम सर्वांत परिणामकारक, असे संशोधन सांगते. तरी शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या हातात पन्नासाची नोट ठेवणे या वस्तीत अपमानाचे वाटले असते, आणि यूपीआयने पाठवायचे म्हटले तर पुन्हा क्रमांक मागणे आणि पुन्हा तोच संशय. शेवटी आठवड्याच्या सात वारांची, मराठी अक्षरे छापलेली औषधांची डबी निवडली. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात ती ३२ रुपयांना पडली.

एक सूचना आम्ही विचारपूर्वक बाजूला ठेवली. महिला मंडळाच्या एका सदस्येने सुचवले, की संक्रांत जवळ आली आहे, तेव्हा ही डबी हळदीकुंकवाचे वाण म्हणून लुटावी. म्हणजे खर्चही वाचेल आणि बायका आपणहून येतील. सूचना प्रेमाने केलेली होती, आणि आधी देऊन टाकण्याचे वाणाहून चांगले उदाहरण आपल्या संस्कृतीत सापडणार नाही. पण एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये विधवा स्त्रियाच अधिक असतात, आणि अनेक घरांतल्या हळदीकुंकवाला त्यांना आजही बोलावले जात नाही. ज्यांचे उत्तर आम्हाला सर्वांत जास्त हवे होते, त्यांनाच वगळणारे निमित्त आम्ही कसे निवडणार होतो? ज्या आजींनी लिंक उघडली नव्हती, त्याही एकट्याच राहतात. वाण हा शब्द आम्ही कोठेही वापरला नाही आणि डबी घरोघरी, दारातच द्यायचे ठरले.

लहानशी चाचणी

खजिनदारांना शब्दांनी पटवण्यापेक्षा करून पाहावे, म्हणून सहा इमारतींत चाचणी घेतली. एकाच जिन्यावर एका घराला डबी आणि समोरच्या घराला काही नाही असे केले असते, तर संध्याकाळपर्यंत भांडण समितीच्या दारात आले असते. म्हणून घरांऐवजी इमारतींच्या चिठ्ठ्या टाकल्या. दोन इमारतींना नुसती प्रश्नपत्रिका, दोन इमारतींना उत्तरानंतर ५० रुपयांचे कुपन, आणि दोन इमारतींना प्रश्नपत्रिकेबरोबर विनाअट डबी, अशी वाटणी झाली. प्रत्येक प्रकारात ४० घरे होती. बाकी सर्व गोष्टी मुद्दाम सारख्या ठेवल्या: प्रश्न ३४ वरून १२ वर आणले, लिफाफा बंद, त्यावर नाव नाही, केवळ कोणत्या घरातून आला हे कळण्यापुरता क्रमांक आणि तो का आहे याचा खुलासा, आणि ठरलेल्या दिवशी संध्याकाळी मुले दारातून लिफाफा घेऊन जाणार.

नुसत्या प्रश्नपत्रिकेला ११ उत्तरे आली, कुपनाला १५ आणि डबीला २४. यावर माझे सांख्यिकीचे मन लगेच सावध झाले. ११ आणि १५ यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. डबीची आघाडी मोठी आहे, परंतु प्रत्येक प्रकारात इमारती दोनच होत्या, आणि एखाद्या इमारतीत एकोपा जास्त असेल, तेथील सचिव उत्साही असतील, तर तोही परिणाम डबीच्या खात्यात जमा झाला असेल. ४० घरे म्हणजे ४० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. केवळ या चाचणीवर मी निर्णय घेतला नसता. तिचा कौल आधीच्या संशोधनाच्या दिशेने गेला, म्हणून मी तिच्यावर विसंबले.

खजिनदारांना त्यांच्या वहीनेच चकित केले. कुपनांवर ७५० रुपये गेले, म्हणजे एका उत्तरामागे ५० रुपये. डब्यांवर १,२८० रुपये गेले, म्हणजे एका उत्तरामागे सुमारे ५३ रुपये. उत्तर न देणाऱ्या १६ घरांवर ‘वाया’ गेलेल्या डब्यांचा भार धरूनही फरक तीन रुपयांचा होता, आणि कुपनाच्या इमारतींत उरलेल्या २५ दारांवर पुन्हा पुन्हा चढण्याचे श्रम वेगळेच.

तरीही मला स्वतःला यापेक्षा दुसरी गोष्ट निर्णायक वाटली. कुपन वापरायचे तर चार मजले उतरून फाटकापर्यंत जायचे आणि पिशवी घेऊन पुन्हा चढायचे. कुपनाच्या दोन इमारतींत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरून साठी ओलांडलेल्या व्यक्तीचे एकच उत्तर आले होते. डबीच्या इमारतींत अशी ७ होती. गुडघे दुखतात म्हणून जो खाली उतरत नाही, त्याच्यासाठी दुकानाचे कुपन म्हणजे काहीच नव्हते. सर्वेक्षणाला नेमका तोच माणूस हवा होता. प्रलोभनाने उत्तरे किती वाढली हे कोणीही मोजेल, पण ती कोणाची वाढली हे मोजले नाही तर वाढलेला आकडा आपल्यालाच फसवतो. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी एका साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवून २३ लाखांहून अधिक परत मिळवल्या आणि लँडन जिंकतील असे भाकीत केले; रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. तेवढ्या उत्तरांनीही, न आलेल्या उत्तरांची उणीव भरून काढली नव्हती.

सर्व घरांत

डबी नक्की झाल्यावर चाचणीत तिच्याविना राहिलेल्या ८० घरांनाही ती दिली, कारण वसाहत म्हणजे प्रयोगशाळा नाही आणि चाचणी संपल्यावर भेदभाव चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. ज्यांनी आधीच उत्तर दिले होते त्यांनाही दिली. मुलांचा मोबदला पूर्णपणे बदलला: एका संध्याकाळचे २०० रुपये, मग त्या संध्याकाळी दहा लिफाफे येवोत किंवा एकही न येवो. बंद दार, ‘नंतर या’ आणि स्पष्ट नकार या तीन नोंदींना भरलेल्या लिफाफ्याइतकेच महत्त्व दिले. मुलांनी यावेळी दिलेल्या नोंदी मी सोसायटीच्या वहीशी ताडल्या आणि त्यांत एकही खोट आढळली नाही. मुले तीच होती, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

डबीसोबतच्या पत्रावर आम्ही बराच वेळ घालवला. पत्रात पहिलेच वाक्य असे होते: ही डबी आपलीच आहे, उत्तर द्यायचे नसले तरी ती परत करू नये. जनगणनेत उत्तर देणे १९४८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे तसा कोणताही अधिकार नव्हता, केवळ विनंती होती, आणि ते स्पष्ट लिहिलेले बरे असे माझे मत पडले. समितीतील एकाला भीती होती की असे लिहिल्यावर लोक डबी ठेवून घेतील आणि प्रश्नपत्रिका रद्दीत टाकतील. काहींनी तसे केले असेलही. परंतु परत न करण्याची मुभा काढून घेतली, तर ती वाटी उरत नाही, मजुरी होते. याशिवाय उत्तरे कोण वाचणार, ती कोठे ठेवणार, किती दिवसांनी कागद नष्ट करणार आणि निष्कर्ष कोणत्या तारखेला फलकावर लावणार, हेही पत्रात होते. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कागदावरच्या आमच्या छोट्या कामाला तो लागू असो वा नसो, शेजाऱ्याच्या आजाराची माहिती शेजाऱ्याने कशी जपावी याचा विचार कायद्याची वाट न पाहता करायला हवा होता. पहिल्या दोन प्रयत्नांत तो कोणीच केला नव्हता. उत्तरे मी आणि दुसऱ्या वसाहतीत राहणारी माझी एक माजी विद्यार्थिनी, अशा दोघींनीच उघडली.

३६० घरांपैकी २३ कायमची बंद निघाली. राहती घरे ३३७, आणि त्यांतून २४१ उत्तरे आली. एकूण खर्च १७,२७० रुपये झाला: डब्या ११,५२०, मुलांच्या १६ संध्याकाळी ३,२००, छपाई व लिफाफे १,८०० आणि चाचणीतील कुपने ७५०.

डबीची बाजू घेणारी मी असल्यामुळे तिच्यातली खोट सांगणेही माझ्यावर आले. रॉबर्ट ग्रोव्ह्ज, एलिनॉर सिंगर आणि एमी कॉर्निंग यांनी २००० मध्ये मांडले, की सर्वेक्षणातल्या वेगवेगळ्या गोष्टींचे वजन वेगवेगळ्या माणसांना वेगळे वाटते: कोणाला विषय ओढतो, कोणाला विचारणारा, कोणाला भेटवस्तू, आणि आपण ज्या गोष्टीवर भर देतो तिला वजन देणारी माणसेच जास्त येतात. औषधांची डबी औषधे घेणाऱ्या घरांना ओढणार, हे उघड होते. २४१ पैकी ११८ घरांत साठी ओलांडलेली व्यक्ती होती, म्हणजे जवळजवळ निम्म्या. हाच हिशेब सर्व ३३७ घरांना लावला असता तर १६५ घरे निघाली असती. तसे न करता, उत्तर न देणाऱ्या ९६ घरांना आम्ही दारातच एवढा एकच प्रश्न विचारला, की येथे साठीपुढचे कोणी राहते का. ७१ घरांनी तेवढे सांगितले, आणि त्यांत होय म्हणणारी घरे केवळ १४ निघाली. म्हणजे डबीने ज्येष्ठांची घरे आत ओढली होती आणि तरुण भाडेकरूंची बाहेर राहिली होती. ज्येष्ठांच्या गरजा जाणून घेण्यासाठी हा कल आम्हाला उपयोगी पडला. ज्येष्ठ किती आहेत हे मोजण्यासाठी तोच घातक ठरला असता. पाणी, पार्किंग किंवा कचरा या विषयांवरच्या सर्वेक्षणात मी औषधांची डबी कधीच देणार नाही. तेथे कोणत्याही एका वयाची किंवा गरजेची नसलेली वस्तू हवी, किंवा मग काहीच नको.

आणखी एक प्रश्न घरकाम करणाऱ्या स्त्रियांविषयी निघाला होता. ज्येष्ठांना सांभाळणाऱ्या या स्त्रियांनाही विचारावे आणि त्यांना प्रत्येकी ५०० रुपये द्यावेत, असे एका सदस्याने सुचवले. हेतू उदार होता, तरी मी विरोध केला. ज्या घरात त्या काम करतात त्या घराविषयी बोलायचे की नाही, हा त्यांच्या दृष्टीने नोकरीचा प्रश्न आहे, आणि ज्याला पैशांची निकड आहे त्याच्यापुढे नाही म्हणता येणार नाही एवढी रक्कम ठेवली, तर त्याची संमती मोकळी राहत नाही. त्यांना विचारायचेच असेल तर वेगळे, त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या गेलेल्या वेळेची रास्त भरपाई देऊन विचारावे असे ठरले. ते काम अजून झालेले नाही.

उत्तरांतून काय निघाले

विरंगुळा केंद्राची मागणी करणारे होते, पण ते बहुतेक खालच्या मजल्यांवरचे आणि चालते-फिरते होते. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची ३७ घरे मिळाली, त्यांतली १४ तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर. त्यांनी लिहिलेल्या गरजांत पहिल्या क्रमांकावर दवाखान्यात सोबत आणि दुसऱ्यावर वाणसामान वर पोहोचवणे होते. तिसरी गोष्ट प्रश्नपत्रिकेत आम्ही विचारलीही नव्हती. मोकळ्या जागेत अनेकांनी आपापल्या शब्दांत ती लिहिली होती. जिना एका दमात चढवत नाही, मध्ये बसायला जागा नाही, म्हणून खाली उतरणेच सोडले, असे त्यांनी लिहिले होते. त्यांतले एक अक्षर थरथरते आणि मोठे होते, आणि लिफाफ्याच्या क्रमांकावरून पाहिले तर तो लिफाफा त्या आजींच्या घरचा होता.

निष्कर्ष पत्रात दिलेल्या तारखेला फलकावर लागले. उरलेल्या १,७७० रुपयांत सोसायट्यांनी आपली भर घातली, आणि प्रत्येक इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला लावलेली, घडी घालता येणारी एकेक खुर्ची बसवली गेली.